गाडी बुटकी केली तर पेट्रोल वाचतं का?

मंडळी, यावेळचा विषय पाहून तुम्ही म्हणाल, बाईंना झालंय तरी काय! आयुष्यभर इतिहास आणि मराठी शिकवलं आणि आता सत्तरी उलटल्यावर गाड्यांच्या स्प्रिंगांवर लिहायला बसल्या. पण विषय घरातूनच आलाय. माझ्या भावाच्या नातवाने सेकंडहँड गाडी घेतली. गॅरेजवाल्याने त्याच्या डोक्यात भरवलं की स्प्रिंगचे दोन दोन वेढे कापून गाडी दीड-दोन इंच खाली घेतली की वारा कमी लागतो आणि ॲव्हरेज वाढतं. "आत्याआजी, यात तथ्य आहे का गं? तू सगळं वाचत असतेस." आता असं म्हटल्यावर वाचणं भागच आलं. शिवाय त्या गाडीत त्याची बायको आणि आठ महिन्यांची मुलगी बसणार, त्यामुळे उत्तर 'बघ बाबा तुझं तू' असं देऊन चालणार नव्हतं.

वाचता वाचता लक्षात आलं की हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्यात भलीभली माणसं अडकलेली आहेत. मग काय, इतिहासाच्या बाईला आयतंच कुरण मिळालं.

सुरुवात १८९९ सालापासून करू. २९ एप्रिलला पॅरिसजवळच्या आशेर इथे कामीय जेनाट्झी नावाच्या बेल्जियन माणसाने ताशी १०५.८८ किलोमीटर वेग गाठला. रस्त्यावरच्या गाडीने शंभरी ओलांडल्याची ही पहिली वेळ, आणि गंमत म्हणजे ती गाडी विजेवर चालणारी होती. 'ला जमे कोंतांत' (कधीच समाधानी नसलेली) हे तिचं नाव. वारा कापला जावा म्हणून तिचा आकार थेट पाणतीरासारखा, दोन्हीकडे निमुळता. पण ही निमुळती नळकांडी चार उघड्या चाकांच्या वर उंच बसवलेली, आणि तिच्यातून जेनाट्झीसाहेब कमरेपासून वर बाहेर आलेले! म्हणजे वाऱ्यासाठी एवढी कलाकुसर करायची आणि वर माणूस शिडासारखा उभा करायचा. फोटो जरूर पाहा. जमिनीलगत गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या हवेचा विचार त्या काळी कोणी केलाच नव्हता.

तो विचार आला विमानवाल्यांकडून. पहिलं महायुद्ध संपलं, व्हर्सायच्या तहाने जर्मनीत विमानं बनवण्यावर बंधनं आली आणि विमानं बनवणारी हुशार डोकी मोटारींकडे वळली. (व्हर्सायचा तह मी किमान तीस वर्षं शिकवला. कलमं, नुकसानभरपाई, आल्सेस-लोरेन सगळं फळ्यावर लिहिलं. त्या तहामुळे मोटारींचे आकार बदलले हे मात्र आमच्या पाठ्यपुस्तकात कुठेच नव्हतं.)

यातला पहिला एडमुंड रुम्प्लर. मूळचा ऑस्ट्रियन, ज्यू, विमानांचा कारखानदार. १९२१ च्या बर्लिन मोटार प्रदर्शनात त्याने 'ट्रॉप्फेनवागेन' मांडली. म्हणजे थेंबगाडी. वरून पाहिलं तर बरोबर पाण्याच्या थेंबाचा आकार, पुढे गोल आणि मागे निमुळती. ड्रायव्हर एकटा पुढे मधोमध, इंजिन मागे. आणि इथे आमच्या चिरंजीवांनी लक्ष द्यावं : ही गाडी बुटकी अजिबात नव्हती. चांगली उंच होती. आत जायला यायला ऐसपैस, म्हणून बर्लिनमध्ये टॅक्सी म्हणून चालली. बाकी गाडी खपली नाही. सामान ठेवायला जागा नाही, रूप लोकांना विचित्र वाटलेलं. जेमतेम शंभर गाड्या बनल्या. फ्रिट्झ लांगच्या १९२७ च्या 'मेट्रोपोलिस' या मूकपटात भविष्यातल्या गाड्या म्हणून त्या दाखवल्या आणि काही तर चित्रीकरणात जाळूनही टाकल्या. आज जगात दोन उरल्या आहेत, एक म्युनिकच्या संग्रहालयात आणि एक बर्लिनच्या.

आता पुढचं ऐका. १९७९ मध्ये फोक्सवागेनने यातली एक गाडी आपल्या विंड टनेलमध्ये, म्हणजे वाऱ्याच्या बोगद्यात, नेऊन तपासली. गाडीचा आकार वाऱ्याला किती अडतो हे सांगणारा एक आकडा असतो, त्याला 'सी-डी' म्हणतात. जितका कमी तितकं चांगलं. रुम्प्लरच्या काळातल्या खोकेवजा गाड्यांचा तो ०.७ च्या आसपास असे. थेंबगाडीचा निघाला ०.२८! तपासणारे इंजिनियर थक्क झाले असणार, कारण त्यानंतर तीन वर्षांनी, १९८२ मध्ये, नवी आउडी १०० ही ०.३० या आकड्याची जाहिरात करत मिरवली. एकसष्ट वर्षांनी, आणि तरी मागेच.

रुम्प्लरला हे कौतुक ऐकायला मिळालं नाही. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले, ज्यू म्हणून त्याला तुरुंगात टाकलं. पुढे सुटका झाली, पण कारकीर्द संपली ती संपलीच. त्याचे कागदपत्रही नष्ट केले गेले. १९४० मध्ये तो गेला.

दुसरा माणूस पाउल यारे. हा व्हिएन्नाचा, हंगेरियन ज्यू घराण्यातला, आणि झेपेलिनच्या कारखान्यात हवाई जहाजांचे आकार ठरवणारा. फ्रीडरिखसहाफेनला त्यांचा वाऱ्याचा बोगदा होता. झेपेलिनचा तो लांबोडका सिगारसारखा आकार मोकळ्या हवेत अतिशय गुणी. सी-डी ०.०५ च्या आसपास. मग साहजिकच कोणालाही वाटेल की हाच आकार चाकांवर ठेवला की झालं काम.

पण नाही झालं. यारेच्या नमुन्यांवर व्होल्फगांग क्लेम्पेरर याने १९२२ मध्ये त्याच बोगद्यात प्रयोग केले. त्यात दिसलं की तो गुणी आकार जमिनीजवळ आणला की बिघडतो! हवेत असताना वारा चारी बाजूंनी सारखा वाहतो. जमीन जवळ आली की खालचा वारा चेपला जातो, वरचा मोकळा राहतो, तोल जातो आणि मागे भोवरे सुटतात. म्हणजे हा आकार जमिनीच्या जितका जवळ तितका विरोध जास्त. आमच्या गॅरेजवाल्याच्या म्हणण्याच्या बरोब्बर उलट.

यारेने यावर काढलेली तोड मला फार आवडली. तो म्हणाला, अख्खं झेपेलिन नकोच. अर्धं घ्या. आडवं कापलेलं, सपाट बाजू जमिनीवर टेकवलेली. तळ्याकाठच्या डोंगराचं पाण्यात प्रतिबिंब पडतं तसं रस्त्यात त्याचं प्रतिबिंब आहे असं समजा, की दोन्ही मिळून पुन्हा एक अख्खं झेपेलिन होतं. हवेला तसंच वाटतं! पण गाडी जमिनीला टेकवून कशी चालेल, चाकांसाठी ती उचलावी लागणारच. उचलली की पोटाखालून वारा शिरतो आणि कडांना भोवरे येतात. कडा गोल केल्या तर पुष्कळसं नुकसान भरून निघतं. असा उचललेला, कडा गोल केलेला अर्धा देह ०.१५ पर्यंत येतो असं क्लेम्पेररच्या प्रयोगांत दिसलं. पुढे खरी चाकं, खिडक्या, दिवे, रेडिएटर आले की आकडा वाढत जातो.

तर सांगायचा मुद्दा, गाडीची उंची आणि वारा यांचं नातं 'खाली = चांगलं' इतकं सरळ कधीच नव्हतं, आणि हे १९२२ सालीच समजलेलं होतं. सगळं गाडीच्या पोटावर अवलंबून. आपल्या नेहमीच्या गाडीचं पोट म्हणजे सायलेन्सरचा पाइप, पेट्रोलची टाकी, चेंबर, दांडे असा सगळा पसारा. त्या पसाऱ्यात वारा अडकतो. गाडी खाली घेतली की तिथे शिरणारा वारा कमी होतो आणि चाकांचा उघडा भागही थोडा झाकला जातो, म्हणून अशा गाडीला फायदा होतो. गॅरेजवाला अगदीच खोटं बोलत नव्हता. पण पोट खालून पत्र्याने सपाट झाकलं तर उंची तीच ठेवूनही हाच फायदा मिळतो, आणि आज मोठ्या कंपन्या तेच करतात.

यारेचं पेटंट वापरून चेकोस्लोव्हाकियाच्या टाट्रा कंपनीने १९३४ मध्ये 'टाट्रा ७७' काढली. हान्स लेडविंका हा तिथला मुख्य इंजिनियर. तिच्या छोट्या लाकडी नमुन्याचा आकडा आला होता ०.२४५. पुढची 'टाट्रा ८७' ही खरीखुरी गाडी १९७९ मध्ये बोगद्यात घातली तेव्हा निघाला ०.३६. नमुने नेहमीच अंमळ जास्त हुशार असतात. (वर्गातल्या पहिल्या बाकाची आठवण झाली. हलकेच घ्या!) तरीही ७५ अश्वशक्तीच्या इंजिनावर ती ताशी १६० किलोमीटर धावे, त्या काळात हे फारच होतं. त्याच १९३४ मध्ये अमेरिकेत क्रायस्लरने 'एअरफ्लो' आणली, तिच्यासाठी ऑर्व्हिल राइटचा सल्ला घेतला होता, आणि प्रयोगात असं दिसलं होतं म्हणतात की तेव्हाच्या इतर गाड्या उलट्या चालवल्या तर वारा कमी लागतो. एअरफ्लो साफ आपटली. लोकांना तिचं तोंड आवडलं नाही. १९३७ नंतर बंद.

लेडविंकाचं पुढे काय झालं? युद्ध संपल्यावर शत्रूशी सहकार्य केल्याचा आरोप ठेवून चेकोस्लोव्हाकियाने त्याला सहा वर्षं तुरुंगात ठेवलं. एकाला नाझींनी कोंडलं, दुसऱ्याला नाझी गेल्यावर आलेल्यांनी. यारे त्यामानाने सुदैवी. तो आधीच स्वित्झर्लंडला गेला होता आणि १९७४ मध्ये तिथेच वारला.

१९७४ हे साल लक्षात ठेवा. त्याआधीच्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत पिंपाचा भाव तीन डॉलरच्या आसपासवरून बारापर्यंत गेला. त्या वेळी मी नुकतीच नोकरीला लागले होते. गाडी आमच्या स्वप्नातही नव्हती. आम्हाला तेलसंकट समजलं ते रॉकेलच्या रांगेत. शाळा सुटली की हातात डबा घेऊन उभं राहायचं, आणि वर्गातलीच मुलं रांगेत पुढे दिसली की ती लाजायची, मीही लाजायचे. तिकडे अमेरिकेने १९७४ च्या जानेवारीत कायदा करून सगळ्या देशात ताशी ५५ मैल, म्हणजे साधारण ८८ किलोमीटर, ही वेगमर्यादा घातली. आणि त्याच वर्षी फ्रान्सच्या सित्रोएनने नवी गाडी काढून तिला नावच दिलं 'सी-एक्स'. फ्रेंच लोक वाऱ्याच्या त्या आकड्याला सी-एक्स म्हणतात! ज्या विचारासाठी यारेने जन्म घालवला तो गाडीचं नाव होऊन बाजारात आला आणि त्याच साली यारे गेला.

सित्रोएनचं नाव निघालं आहे तर मूळ प्रश्नाकडे वळू, कारण गाडी वर-खाली करण्याची विद्या खऱ्या अर्थाने त्यांची. ऑक्टोबर १९५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांनी 'डी-एस' दाखवली. तिच्यात पोलादी स्प्रिंगच नव्हत्या. तेल आणि दाबलेला वायू यांवर गाडी तरंगायची, माणसं कितीही बसोत उंची तीच राहायची, आणि एक दांडा फिरवला की गाडी वर किंवा खाली. पहिल्याच दिवशी १२,००० मागण्या नोंदल्या गेल्या. १९६२ मध्ये द गॉल यांच्यावर पॅरिसजवळ गोळीबार झाला तेव्हा टायर फुटूनही याच गाडीने त्यांना बाहेर काढलं, हा किस्सा बहुतेकांना ठाऊक असेल. पण ही उंची बदलायची सोय रस्ता वाईट असेल तर किंवा चाक बदलायला होती, पेट्रोलसाठी नव्हे. पेट्रोलचा हिशेब पुढे आला. २००१ च्या 'सी-५' मध्ये ताशी ११० च्या वर वेग गेला की गाडी आपोआप पुढून १५ आणि मागून ११ मिलिमीटर खाली बसायची. मिलिमीटर बरं का, इंच नव्हे! वेग उतरला, रस्ता खराब लागला की पुन्हा वर. म्हणजे एवढ्या मोठ्या कंपनीने, एवढी महागडी यंत्रणा बसवून, फायद्यासाठी घेतलं किती तर दीड सेंटिमीटर, आणि तेही फक्त जोरात जाताना.

मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला (गणितात मी बरी होते). अकराशे किलोची साधी गाडी. तिच्या टायरांचा रस्त्याशी होणारा विरोध साधारण तेरा किलो वजनाच्या ओढीएवढा, वेग कितीही असो. वाऱ्याचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ३० ला तो फक्त तीन किलो. ६० ला बारा, म्हणजे टायरांच्या बरोबरीने. ९० ला जवळजवळ सत्तावीस. आता गाडी खाली घेऊन वाऱ्याचा विरोध शंभरात तीनने कमी झाला असं सढळ हाताने धरू. ताशी ९० ला एकूण चाळीस किलोच्या ओढीतले पाऊण किलो वाचले. टक्के झाले दोन. अठराचं ॲव्हरेज देणारी गाडी हजार किलोमीटर हायवेला अखंड ९० ने पळवली तर वाचेल साधारण एक लिटर. गावात ३० च्या वेगाने, तेही सिग्नलला थांबत थांबत, वाचणार जवळजवळ शून्य. आणि तीच गाडी जशी आहे तशी ठेवून ९० ऐवजी ८० ने चालवली तर ओढ सहा किलोने, म्हणजे चौदा-पंधरा टक्क्यांनी कमी होते. स्प्रिंग कापून जे मिळतं त्याच्या सात पट, आणि गॅरेजचं बिल नाही.

आता दुसरी बाजू. कापलेली स्प्रिंग आखूड होते तशी कडकही होते, आणि चाकाला वर उचलायला जागा कमी उरते. खड्ड्यात गाडी थेट रबरी ठोकळ्यावर आपटते. चाकं आत झुकतात, टायर आतल्या बाजूने झिजतात, अलाइनमेंट बिघडतं. म्हणजे वाचवलेलं पेट्रोल टायरवाल्याला द्यायचं. आणि आपले गतिरोधक! इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, सावकाश चढणारा हवा. आपल्याकडे प्रत्येक आळीचा नियम वेगळा. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल करायला मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं आहे.

कोणाला वाटेल, हा सगळा आपल्या खड्ड्यांचा दोष. अमेरिकेतल्या गुळगुळीत रस्त्यांवर काय झालं ते पाहा. टेस्लाची 'मॉडेल एस' २०१२ मध्ये आली. बॅटरीची गाडी, एका चार्जमध्ये जास्त अंतर जावं म्हणून हायवेवर ती आपोआप खाली बसायची. बॅटरी सपाट, गाडीच्या तळाशी. १ ऑक्टोबर २०१३ ला वॉशिंग्टन राज्यात अशी एक गाडी रस्त्यात पडलेल्या लोखंडी तुकड्यावरून गेली, तुकडा तळात घुसला, आग लागली. नोव्हेंबरात टेनेसी राज्यात तसंच. दोन्ही ठिकाणी माणसं वेळेवर बाहेर पडली. कंपनीने त्याच महिन्यात सॉफ्टवेअर बदलून हायवेवरच्या गाड्यांची उंची घरबसल्या वाढवली, आणि २०१४ च्या मार्चपासून तळाला टायटॅनियमची ढाल बसवली. जगातल्या अतिहुशार लोकांनी वाऱ्याशी वाचवलेले ते काही मिलिमीटर असे परत केले. ही गोष्ट मी नातवाला फोनवर सविस्तर सांगितली आणि हिशेबाचा कागद व्हॉट्सॲपवर पाठवला. स्प्रिंगा अजून शाबूत आहेत.

जाता जाता एक गंमत. गाडी खाली करण्याचा जगातला सगळ्यात मोठा शौक पेट्रोल वाचवण्यासाठी नव्हताच. लॉस एंजेलिसकडच्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या गाड्या घ्यायच्या, डिकीत वाळूची पोती टाकायची किंवा स्प्रिंग कापायच्या, आणि रविवारी संध्याकाळी रंगवलेली, चकचकीत गाडी घेऊन मुख्य रस्त्याने अगदी हळूहळू मिरवायचं. 'लोरायडर' म्हणतात त्यांना. गोऱ्या पोरांच्या गाड्या जोरात पळायच्या, तर आमच्या हळू चालतील, बघा आमच्याकडे! पोलिसांना ते खुपलं. १ जानेवारी १९५८ पासून कॅलिफोर्नियात कलम २४००८ लागू झालं : गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खाली येता कामा नये. तेव्हा रॉन अग्विरे नावाच्या तरुणाने, सारख्या होणाऱ्या दंडाला कंटाळून, १९५९ च्या सुमारास आपल्या कॉर्वेटला युद्धातल्या विमानांचे जुने हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसला की बटण दाबायचं, गाडी वर. गेला की पुन्हा खाली. त्या पंपांचं आणि जादा बॅटऱ्यांचं ओझं वाहायला पेट्रोल जास्तच लागायचं, आणि वेग बैलगाडीचा, म्हणजे वाऱ्याचा प्रश्नच नव्हता. ते कलम पासष्टहून अधिक वर्षं टिकलं. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने ते काढून टाकलं, आणि १ जानेवारी २०२४ पासून तिथे गाडी पाहिजे तेवढी खाली घेऊन, पाहिजे तितक्या हळू मिरवता येते.